एकादशीची पोळी

"व्रत सोडायची वेळ आलीच, तर चोरून सोडू नकोस, उर्मिला. देवाला सांग, चार बायकांच्या देखत सोड. लपून सोडलेलं व्रत सुटत नाही, ते नुसतं मोडतं."

सासूबाई हे म्हणाल्या तेव्हा वरई निवडत बसल्या होत्या. मान वर केली नाही. मी नुकतीच भगवंताच्या देवळात जाऊन गहू सोडून आले होते. या सुनेला धरायचं कसं ते कळतं, सोडायचं कसं तेही सांगून ठेवावं, असं त्यांना वाटलं असावं.

गहू सोडला तो ऋजुतासाठी. माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे, जेवली की पोट धरून निजायची. बार्शीतले डॉक्टर झाले, जंताची औषधं झाली, दृष्ट काढून झाली. शेवटी सोलापूरला दुर्बीण घालून आतड्याचा कण तपासला आणि सिलियाक हे नाव घरात आलं. गव्हात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. तिच्या शरीराला ते शत्रू वाटतं, आणि त्या शत्रूला हाकलता हाकलता शरीर स्वतःचंच आतडं खरवडून काढतं. औषध नाही. पोळी, रवा, मैदा, शेवया जन्मभर बंद. सगळं बंद केलं तरी पोर सुधारेना. मग कळलं की डबीतल्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. इतकी वर्षं फोडण्या देऊन मला ते ठाऊक नव्हतं. हिंगही गेला. लेकराच्या ताटात जे नाही ते माझ्या ताटात नको, म्हणून मी गहू सोडला. आमचा भाग ज्वारीचा, त्यामुळे फार मोठा त्याग होता असं म्हणवत नाही. सणावारी पुरणपोळी वाढताना तेवढा हात थांबायचा.

शाळेत ऋजूचा डबा वेगळा, लग्नात ताट वेगळं, सत्यनारायणाला गेलं की प्रसादाचा शिरा हातात घेऊन ती माझ्याकडे बघायची आणि मी तो हळूच माझ्या रुमालात घ्यायची. फक्त एक दिवस तिचा होता. एकादशी. त्या दिवशी सगळं गाव भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, साबुदाणा खायचं. शेजारच्या मंगलवहिनी डबा भरून आणायच्या आणि म्हणायच्या, "खा गं बाई, आज तुला सगळं चालतं. आज आम्हीच तुझ्यासारखे." लहानपणी तिने मला विचारलं होतं, एकादशी रोज का नसते.

हे सगळं साथीच्या आधीचं.

कोरडा ताप आला तेव्हा ऋजू तेवीस वर्षांची होती. खोकला नाही, सर्दी नाही, अंग तापायचं आणि चार दिवसांत फुप्फुसं चामड्यासारखी व्हायची. पहिल्या लाटेत ह्यांना नेलं. टोचायच्या लशी निघाल्या, पण हा विषाणू दर ऋतूला कपडे बदलल्यासारखं बाहेरचं कवच बदलायचा. लस तयार होऊन दंडापर्यंत पोचायच्या आत तो निराळा झालेला असायचा. दोन वर्षं सगळं गाव घरात होतं. खोटं कशाला बोलू, त्या दोन वर्षांत ऋजूला बरं वाटलं होतं. कुठे जायचं नव्हतं, म्हणून कुठे वेगळं बसायचं नव्हतं. वरच्या खोलीत घरघंटी बसवून ती ज्वारी, नाचणी, राजगिरा दळायची आणि तिच्यासारख्या लोकांना पिठं पाठवायची. बाहेरच्या गिरणीत गव्हाच्या मागून दळलेली ज्वारी त्यांना चालत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकं पुष्कळ होती. त्यांचा फोनवर एक गट होता. रोज संध्याकाळी तिचा हसण्याचा आवाज खाली यायचा.

मग कवच गहू आला.

तो मला डॉक्टर तांबोळींनी समजावून सांगितला. हे आमच्या भागाच्या दवाखान्याचे डॉक्टर. मुलगा वयाने लहान, पण बोलायला सावकाश.

"काकू, गव्हाच्या प्रथिनात एक तुकडा असा असतो की जो पोटातल्या रसांना तुटत नाही. फार चिवट. बाकीचं अन्न विरघळून जातं, हा तसाच्या तसा आतड्यात पोचतो. शास्त्रज्ञांनी काय केलं, त्या चिवट तुकड्याच्या पाठीवर विषाणूच्या कवचाचा एक नमुना बसवला. म्हणजे गव्हाच्या बीजातच तो तयार होतो. कणीक मळली की ग्लुटेनची जाळी होते, नमुना त्या जाळीत दडतो, तव्यावरसुद्धा टिकतो. पोळी खाल्ली की आतडं तो नमुना बघतं, ओळखतं, आणि घशापर्यंत पहारेकरी पाठवतं. विषाणूने कपडे बदलले तर पुढच्या पेरणीत नमुना बदलायचा."

"आणि ऋजू?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "जो तुकडा पोटात तुटत नाही म्हणून लस पोचते, तोच तुकडा सिलियाकच्या माणसाचं आतडं फाडतो. नेमका तोच."

"ज्वारीत नाही का बसवता येत?"

"प्रयत्न झाले. ज्वारीचं प्रथिन मूठ आवळून बसतं, नमुना सोडतच नाही. आणि टोचायची लस आता कोणी बनवत नाही. शंभरातल्या एखाद्यासाठी दर ऋतूला नवी लस कोण बनवणार?"

नगरपालिकेने मंगल कार्यालयात पोळी केंद्र उघडलं. रोज अर्धी पोळी, तिथेच बसून खायची, कारण आतड्याची आठवण थोडी असते, तिला रोज सांगावं लागतं. दुकान, बस, शाळा, सगळ्यांच्या दाराशी एक नळी लावली. तिच्यात फुंकायचं. शरीर शिकलेलं असेल तर हिरवा दिवा, नाहीतर तांबडा. लोक तिला फुंकणी म्हणायचे. गाव हळूहळू बाहेर आलं. आमची मुलगी आतच राहिली. सगळे घरात होते तोवर तिला कोणी कोंडलेलं नव्हतं. बाकीचे बाहेर पडले तेव्हा ती कोंडली गेली.

डॉक्टर म्हणाले, "तिच्याभोवतीचे सगळे पोळी खात असतील तर ताप तिच्यापर्यंत येणारच नाही. तुम्ही सुरुवात करा."

म्हणजे माझं व्रत सोडायचं. सासूबाईंनी सांगितलं होतं तसंच सोडलं. देवाला सांगितलं, मंगलवहिनींची ओटी शेरभर गव्हाने भरली, आणि केंद्राच्या आवारात भजनी मंडळाच्या चौघीजणींच्या देखत बसले. पहिला घास ऋजूच्या हातून घ्यायचं मी ठरवलं होतं. तांबड्या दिव्याची मुलगी म्हणून तिला आत सोडेनात, मग आम्हीच कुंपणाशी गेलो. मंगलवहिनींनी पोळीची ताटली पुढे केली. ऋजूने हातमोजे घातले नाहीत. हात लावल्याने काही होत नाही, पोटात जायला नको, एवढंच. तरी ती थोडा वेळ नुसती बघत राहिली. सोळा-सतरा वर्षांत तिने पोळीला हात लावला नव्हता.

"आई, भाकरी मोडते," ती म्हणाली, "ही फाटते की गं."

कुंपणाच्या जाळीतून तिने मला घास भरवला आणि हात साबणाने तीनदा धुतले.

त्यानंतर वर्ष बरं गेलं. मी रोज केंद्रात पोळी खायची, घरी आल्यावर मागच्या मोरीत चूळ भरून, अंघोळ करून मगच वर जायची. पिठाचा कणही जिन्याच्या वर जाऊ दिला नाही. मंगलवहिनी रोज जिन्याखाली येऊन बसायच्या आणि तिथूनच ऋजूशी गप्पा मारायच्या.

"काय गं, खाली उतरतेस का नाही? नवरीसारखी माडीवर बसलीस."

"काकू, नवरीला जेवायला बोलावतात. मला कोण बोलावतं?"

"मी बोलावते की. येऊ दे एकादशी."

आणि एकादशीला त्या डबा आणायच्याच. तेवढं मात्र बदललं नव्हतं.

मधूनमधून वाईट बातमी यायची. ऋजूच्या गटातला कोणीतरी आजारी पडायचा. भोवती सगळे पोळी खाणारे, सगळ्यांचे हिरवे दिवे, तरी ताप यायचा. का ते डॉक्टरांनाही कळेना. पुण्या-मुंबईतले संगणक त्यावर लावलेत, असं ते म्हणाले.

वैशाखात लातूरची सोनल गेली. ऋजूची तिच्याशी रोज बोलण्याची मैत्री होती, पण प्रत्यक्ष कधी भेटल्या नव्हत्या. ताप आल्याचा निरोप आला तेव्हा मी देवघरात होते. आदल्या दिवशीची एकादशी सोडायची होती. द्वादशीला तुळस तोडत नाहीत, म्हणून दशमीलाच काढून ठेवलेलं पान मी पाण्यात टाकत होते. वरून ऋजूची हाक आली, आणि माझा हात पेल्यावर तसाच राहिला. मला आठवलं की याआधीची बातमीही मी अशीच, तुळशीचं पान हातात धरून ऐकली होती. त्याच्या आधीचीही.

मी ते पाणी प्यायले, पारणं झालं, आणि देवासमोर बसून राहिले. खरं तर बसायचं कारण नव्हतं. जे समजायचं ते समजलं होतं.

मी दशमीला एकदाच जेवते. सकाळी केंद्रात पोळी, दुपारी भाकरी, की मग थेट द्वादशीला. एकादशीला धान्य शिवायचं नाही. आमच्या मंडळाच्या सगळ्या बायका तशाच. जवळजवळ दोन दिवस घशातले पहारेकरी उपाशी. आणि नेमक्या त्याच दिवशी आम्ही सगळ्याजणी देवळात एकमेकींना खेटून बसतो आणि गळा मोकळा सोडून भजन म्हणतो.

त्या दिवशी मी वर गेले नाही. ऋजूला खालूनच सांगितलं की आज मला लांब राहू दे. मग दवाखान्यात गेले.

डॉक्टर तांबोळींनी ऐकून घेतलं. समोरच्या पडद्यावर त्यांनी काहीतरी मागवलं, बराच वेळ बघितलं.

"आम्ही तारखा लावून बघितल्या, काकू. वार लावून बघितले. तिथी कोणी लावली नाही. तिथी तारखेवरून सरकत राहते, त्यामुळे यंत्राला ते विस्कळीतच दिसलं." थोड्या वेळाने ते म्हणाले, "फुंकणी सांगते की शरीर शिकलंय. आज घशात पहारा आहे का, ते ती सांगत नाही. उपवास करणाऱ्याला काही होत नाही. ताप त्याच्या घशात एक दिवस मुक्काम करतो आणि पुढे जातो. ज्याच्याकडे पहाराच नाही, त्याच्याकडे."

"तुमच्या रोज्यांचं काय?"

"आम्ही रोज संध्याकाळी सोडतो. ताटात पोळी असतेच. खंड पडत नाही."

"मग आता सरकार सांगेल का लोकांना?"

"सांगेल. आधी समिती बसेल, मग पाऊणशे जण म्हणतील की श्रद्धेला हात घालू नका. आणि आदेशाने कोणी एकादशी सोडलीय का? मी देवळात येऊन सांगू? मी तांबोळी. माझं ऐकून चार ऐवजी चाळीस जणी उपवास धरतील." ते किंचित हसले. "चार घास पुरतात, काकू. अर्धीसुद्धा नको. पण रोज."

घरी आले तर ऋजूला कळलं होतं. माझ्या तोंडावरून तिला नेहमीच कळतं. मी अंगणात उभी, ती वरच्या गच्चीत. मी सगळं सांगितलं. ती रडली नाही.

"म्हणजे माझी एकादशी," एवढंच म्हणाली.

आषाढात तिने मला सांगितलं की कुर्डुवाडी रस्त्याला एका बंद पडलेल्या वसतिगृहात सुरक्षित निवास सुरू झालाय. तिथे सगळे सिलियाकवाले. बाहेरचं कोणी आत नाही, आतलं कोणी बाहेर नाही. श्रावणातल्या पहिल्या एकादशीनंतर, त्रयोदशीला, गाडी येणार होती. तिने नाव दिलं होतं.

"तिथे एकच स्वयंपाकघर आहे, आई. हात धुवायलाही लागणार नाहीत. सगळे एका पंगतीत जेवतात."

"मग बरं आहे की."

"दार बाहेरून लावतात."

मी विचारलं, "जायचंय का तुला?"

"नाही. पण तू महिन्यातून दोनदा चार-चार दिवस अंगणात उभी राहून माझ्याशी बोलणार, आणि मी इथून तुझ्या डोक्याचा भांग बघणार. असं किती वर्षं?"

"मी एकादशी सोडते."

माझे आईवडील गेले, सासूबाई गेल्या, हे गेले, त्या प्रत्येक वेळी मी कशाला धरून उभी राहिले ते तिला माहीत आहे. "तुझी एकटीची सोडून काय होणार?" ती म्हणाली. "मंगलकाकू जिन्याखाली येतात. मंडळातल्या बाकीच्या त्यांच्या घरी येतात. सगळ्यांना कोण सांगणार? तू? आरतीतसुद्धा तुझा आवाज कोणाला ऐकू येत नाही."

"मी बोलणार नाही," मी म्हटलं. "खाणार आहे. त्यांच्यासमोर, देवळात."

"नक्की?"

"नक्की. द्वादशीपर्यंत तू सामान बांधू नकोस."

दशमीच्या संध्याकाळी मंगलवहिनींना सांगायला गेले. त्या शेंगदाण्याचं कूट करत होत्या. ऐकून मिक्सर बंद केला.

"औषधाने उपवास मोडत नाही, हे मला मान्य," त्या म्हणाल्या. "माझी साखरेची गोळी मी एकादशीला घेतेच. पण पोळी म्हणजे औषध? उद्या बासुंदीला काढा म्हणशील."

"म्हणणार नाही."

"आणि देवळात? बायका काय म्हणतील? ती वर्तकांची सून तर आरतीची थाळी टाकून उठेल."

"उठू दे."

"अगं, आयुष्यभराचं पुण्य आहे तुझं."

"आपल्या देवाची गोष्ट काय आहे, वहिनी? पारण्याची वेळ टळू नये आणि पाहुण्याआधी जेवल्याचा दोषही लागू नये, म्हणून राजा नुसतं पाणी प्यायला. ते खाल्ल्यात धरायचं की न खाल्ल्यात, यावरून ऋषी रागावले. देव राजाच्या बाजूने उभा राहिला."

"तू राजा का?"

"नाही. म्हणून पुण्य गेलं तर जाऊ दे, असं म्हणते."

त्यांनी मिक्सर पुन्हा सुरू केला. डब्यासाठी त्या कूट करत होत्या, ते दिसत होतं. तो डबा उद्या आमच्या जिन्याखाली यायचा होता. मी त्याबद्दल काही म्हटलं नाही. मिक्सरच्या आवाजातच त्या म्हणाल्या, "पोरगी खरंच जाणार?"

"त्रयोदशीला."

मी घरी आले.

एकादशीला पहाटे उठून अंघोळ, पूजा, जप, सगळं नेहमीसारखं केलं. देवाला सांगितलं. काय सांगितलं ते त्याचं माझं. मग केंद्रात गेले. तिथली मुलगी ओळखीची. माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, आज?" मी म्हटलं, आज बांधून दे. तसा नियम नव्हता. तिने इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या स्टीलच्या डब्यात दोन पोळ्या घडी करून घातल्या. त्या कोमट होत्या. डबा पदराखाली धरणार होते, मग वाटलं, झाकून न्यायचा नाही. हातात उघडा धरला.

देवळाच्या वाटेवर मंगलवहिनींचं घर लागतं. दर एकादशीला आम्ही जोडीने जातो. त्या फाटकाशी उभ्या होत्या. हातात फुलांची परडी, दुसऱ्या हातात काही नव्हतं. भगरीचा डबा नव्हता. त्यांची नजर माझ्या डब्यावर गेली.

"दोन कशाला?"

"चार घास प्रत्येकीला. पुरतील तेवढ्यांना."

त्यांनी फुलं सारखी केली. रस्त्याने टाळ घेऊन एक दोघी पुढे गेल्या, त्यांनी मान डोलावून नमस्कार केला आणि डब्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

"तूप लावलंय का?" मंगलवहिनींनी विचारलं.

"नाही. नुसत्या आहेत."

"कोरडी पोळी घशाखाली उतरते का माणसाच्या," त्या पुटपुटल्या. "थांब." आणि परडी फाटकाच्या खांबावर ठेवून घरात वळल्या.

मी थांबले नाही. थांबले असते तर कदाचित परत फिरले असते. पण चाल अगदी हळू ठेवली, म्हणजे तुपाची वाटी घेऊन त्या बाहेर आल्या की त्यांना मला गाठता यावं.